स्वप्नांच्या यादीला घरातले तास हवेत

मराठी घर याद्यांवर चालतं. वाण्याची यादी, दुधाच्या रतीबाचा हिशेब, सिलिंडर लावल्याची तारीख, शाळेची फी, सासऱ्यांच्या गोळ्या, फराळाचं सामान, लग्नघरातला मानपान. १९७३ पासून निघणाऱ्या ‘कालनिर्णय’च्या तारखांच्या चौकटींत या सगळ्याच्या बारीक नोंदी सापडतात. मात्र बहुतेक घरांत ज्या बाईच्या हातच्या या नोंदी असतात, तिला स्वतःला काय करायचं आहे, हे त्या चौकटींत क्वचितच दिसतं. तिला कोणी विचारलेलं नसतं आणि पुष्कळदा तिनेही स्वतःला विचारलेलं नसतं.

‘बकेट लिस्ट’ हा माधुरी दीक्षितचा पहिला मराठी चित्रपट २०१८ मध्ये आला. तेजस प्रभा विजय देऊस्कर यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटातली मधुरा साने ही घरच्यांच्या तैनातीत रमलेली गृहिणी. तिच्यावर हृदयरोपणाची शस्त्रक्रिया होते. ज्या विशीतल्या मुलीचं हृदय तिला मिळतं, त्या मुलीच्या इच्छांची यादी अपुरी राहिलेली असते आणि ती पुरी करायला मधुरा घराबाहेर पडते. चित्रपट हसतखेळत पुढे जातो, पण त्याच्या मुळाशी असलेली गोष्ट बोचणारी आहे. चाळिशी ओलांडलेल्या, सुखवस्तू घरातल्या बाईला यादी लागते ती दुसऱ्या कुणाची. तिची स्वतःची यादी मुळात नाहीच. कितीतरी प्रेक्षकांना ही कल्पना पटली, कारण ती त्यांच्या घरातलीच होती.

यादी नसण्याचं कारण स्वप्नं नसणं हे नव्हे. कारण आकड्यांत दिसतं. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये पहिल्यांदा देशभर लोकांचा वेळ कशात जातो याची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या शंभर मुली-बायकांपैकी ८१ जणी दिवसभरात घरचं बिनपगारी काम करत होत्या आणि त्यात त्यांची सरासरी २९९ मिनिटं जात होती. शंभर मुलगे-पुरुषांपैकी असं काम करणारे २६ आणि त्यांचा वेळ ९७ मिनिटं. मुलांची आणि आजाऱ्यांची देखभाल यात धरलेली नाही, ती वेगळी मोजली आहे. म्हणजे रोज जवळपास पाच तास स्वयंपाक, झाडलोट, धुणीभांडी. नोकरी असेल तर ती याशिवाय. या दिवसात स्वप्न बसवायचं कुठे, हा खरा प्रश्न आहे. पैसा त्यानंतर येतो.

स्वप्नांच्या यादीवर बोलणारी बहुतेक व्याख्यानं या प्रश्नाला शिवतही नाहीत. ‘लिहा म्हणजे होईल’ असं ती सांगतात आणि पुरावा म्हणून येल विद्यापीठाची गोष्ट देतात: १९५३ साली बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांपैकी ज्या तीन टक्क्यांनी आपली ध्येयं कागदावर लिहिली होती, त्यांनी वीस वर्षांनी उरलेल्या सत्याण्णव टक्क्यांपेक्षा जास्त संपत्ती मिळवली. असा अभ्यास कधी झालाच नव्हता. अमेरिकेतल्या ‘फास्ट कंपनी’ या नियतकालिकाने १९९६ मध्ये त्याचा माग काढला, तेव्हा हाती काही लागलं नाही. तरीही कंपन्यांच्या प्रशिक्षणात आणि शाळांच्या पालकसभांत ही गोष्ट अजून ऐकू येते. ती थांबायला हवी. दिवसभर राबून थकलेल्या माणसाला तिचा अर्थ एवढाच लागतो, की तुझं काही झालं नाही कारण तू लिहिलं नाहीस.

यादी करण्याला अर्थ आहे, पण तो वेगळा. जॉन गॉडार्डचं उदाहरण त्यासाठी नीट पाहावं. १९४० साली लॉस एंजेलिसमधल्या या पंधरा वर्षांच्या मुलाने वहीत १२७ गोष्टी लिहून काढल्या. ‘तरुणपणीच हे केलं असतं तर’ अशी हळहळ त्याने भोवतालच्या मोठ्यांकडून ऐकली होती आणि ती आपल्या वाट्याला येऊ नये असं त्याला वाटत होतं. पुढे त्याने दोन सोबत्यांबरोबर कयाकमधून नाईल नदी उगमापासून मुखापर्यंत पार केली, किलिमांजारो चढला, शंभराहून अधिक गोष्टी पुऱ्या केल्या. १९७२ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकाने त्याच्यावर लेख छापला आणि त्याची यादी जगभर पोहोचली. सांगितली जाते ती नाईलची मोहीम. पण त्याच यादीत मिनिटाला पन्नास शब्द टंकलेखन करणं होतं, बासरी वाजवणं होतं, लग्न करून मुलंबाळं होणं होतं आणि एकविसावं शतक पाहणंही होतं. एव्हरेस्ट राहिलं, चंद्रही राहिला. एकविसावं शतक मात्र त्याने पाहिलं. तो २०१३ मध्ये गेला.

मोठं आणि लहान एकाच कागदावर असणं, ही त्या यादीतली घेण्यासारखी गोष्ट. लडाख, स्वित्झर्लंड, आकाशातून उडी, सगळं काही छायाचित्रात मिरवता येईल असं, ही आजच्या यादीची चाल सहलीच्या जाहिरातींनी पाडली आहे. पेटी शिकणं, पोहणं, आपल्या आजीच्या ओव्या उतरवून ठेवणं, राहून गेलेली पदवी पुरी करणं, हे त्या यादीत बसेनासं झालं. शिवाय गॉडार्डच्या वहीत लग्न होतं, मुलं होती. संसार हा स्वप्नाच्या आड येणारा डोंगर आहे असं त्या पंधरा वर्षांच्या मुलाला वाटलं नव्हतं. अर्थात तो मुलगा होता, त्याला तसं वाटण्याची मुभा होती, हेही इथे नोंदवायलाच हवं.

ज्यांना ती मुभा कधीच नव्हती, त्यांची गोष्ट ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात आहे. फांगणे हे लहानसं गाव. तिथल्या म्हाताऱ्या बायकांपैकी बहुतेकींनी शाळेचा उंबरा ओलांडला नव्हता. बँकेत, सरकारी कागदावर अंगठा. गावात पोथीवाचन चालायचं तेव्हा त्या ऐकायला बसत, आणि आपल्यालाही वाचता आलं असतं तर किती बरं झालं असतं, असं त्या बोलून गेल्या. जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते बोलणं मनावर घेतलं. मोतीराम दलाल धर्मादाय संस्थेने मदत केली आणि ८ मार्च २०१६ रोजी ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या विद्यार्थिनी, गुलाबी साडीचा गणवेश, दप्तर, पाटी-पेन्सिल. शिकवायला गावातलीच एक सून, आणि तिची सासू समोरच्या ओळीत विद्यार्थिनी.

या शाळेची बातमी देशोदेशी गेली. गुलाबी साड्यांची छायाचित्रं सगळ्यांनी पाहिली. त्यांच्याइतकीच महत्त्वाची आहे शाळेची वेळ: दुपारी दोन ते चार. सकाळी घरकाम, शेतकाम, नातवंडांचं आवरणं. संध्याकाळी पुन्हा चूल, पुन्हा गुरं. मधला जो तुकडा मोकळा होता, तो ओळखून शाळा तिथे बसवली. आजीबाईंनी शाळेच्या वेळेला जमवून घ्यावं, असा आग्रह कुणी धरला नाही. इच्छा एका वाक्यात व्यक्त झाली होती आणि ती पुरी झाली ती वेळापत्रकामुळे, गावाने दिलेल्या जागेमुळे, घरच्यांनी त्या दोन तासांत हाक न मारल्यामुळे. अंगठ्याच्या जागी सही आली. पोथी वाचायची ही इच्छा पर्यटन कंपन्यांच्या कोणत्याही यादीत सापडणार नाही, पण तिच्याइतकी निखळ इच्छा शोधूनही मिळणं अवघड.

दुसरं उदाहरण महाराष्ट्राबाहेरचं, पण कुठल्याही मध्यमवर्गीय मराठी घराला ओळखीचं वाटावं असं. जमशेदपूरच्या प्रेमलता अग्रवाल दोन मुलींची आई, पस्तिशी उलटलेली गृहिणी. मुलींना खेळाच्या सरावासाठी नेत-आणत असताना शहराजवळच्या दलमा टेकडीवर चालण्याची स्पर्धा आहे असं त्यांना कळलं. त्यात त्यांनी भाग घेतला. पुढे गिर्यारोहक बचेंद्री पाल यांच्याकडे रीतसर प्रशिक्षण, मग वाढत्या उंचीची शिखरं. २० मे २०११ रोजी, ४८ व्या वर्षी, त्या एव्हरेस्टवर पोहोचल्या. त्या वेळी ते शिखर गाठणाऱ्या सर्वांत वयस्क भारतीय महिला. २०१३ पर्यंत सातही खंडांतली सर्वोच्च शिखरं त्यांनी चढली होती आणि त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली. दलमापासून एव्हरेस्टपर्यंत दहा वर्षांहून अधिक काळ गेला. तेवढी वर्षं एक चालतं घर त्यांच्या सरावाला, मोहिमांना आणि गैरहजेरीला सामावून घेत राहिलं. बातम्यांत शिखराची उंची येते, घरातल्या या तडजोडी येत नाहीत. आपल्याकडे घरोघरी पोरांना क्लासला सोडून तासभर बाहेर बाकावर बसणाऱ्या आया दिसतात. त्या तासाचं काय करता येईल, हे त्यांच्याशी कुणी बोलत नाही.

मुलांचा विषय निघालाच आहे, तर एक कठोर गोष्ट सांगायला हवी. स्वतःची यादी न केलेले आईबाप ती मुलांच्या नावाने करतात. वडिलांचं राहिलेलं डॉक्टर होणं मुलाला लातूरच्या किंवा कोट्याच्या क्लासला घेऊन जातं. आईचं सुटलेलं नृत्य आठ वर्षांच्या मुलीच्या पायात घुंगरू बांधतं. यात प्रेम असतं, त्यागही असतो, पण मुलाला त्या प्रेमाचं ओझं होतं. चाळिशीतल्या आईने स्वतःच नृत्याच्या वर्गात नाव घातलं, तर दोघींचं भलं होईल. कथक आणि भरतनाट्यमचे वर्ग आता मोठ्यांना घेतात, गंधर्व महाविद्यालयाच्या परीक्षांनाही प्रौढ बसतात. लोक काय म्हणतील ही भीती तेवढी ओलांडावी लागते.

आणि एक सबब ‘मग करू’ ही. मुलांची शिक्षणं होऊ देत, लग्नं होऊ देत, कर्ज फिटू दे, निवृत्त झालं की. जुन्या काळी काशीयात्रा अशीच संसार आटोपल्यावर ठरायची. परतणाऱ्याने मावंद्याचं जेवण घालायचं, कारण परतणं हेच भाग्य होतं. प्रवास जिवावरचा होता म्हणून तेव्हा ते समजण्यासारखं होतं. आज १६४६ मीटर उंच कळसूबाईची वाट लोखंडी शिड्यांनी सोपी केली असली, तरी गुडघे वाट पाहत नाहीत. कासच्या पठारावरची टोपली कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते. एक बहर चुकला की पुढच्या वेळी धाकटा बारावीला असतो किंवा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या असतात. कॉर्नेल विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच यांनी व्हिक्टोरिया मेडवेक यांच्यासह १९९० च्या दशकात पश्चात्तापाचा अभ्यास केला. केलेल्या चुका थोडा काळ टोचतात, पण आयुष्याकडे मागे वळून पाहताना न केलेल्या गोष्टी जास्त सलतात, असं त्यांना आढळलं. गॉडार्डने मोठ्यांच्या तोंडून ऐकली होती, ती हीच हळहळ.

पैशाची सबबही प्रत्येक वेळी खरी नसते, हे एसटीने दाखवून दिलं आहे. १७ मार्च २०२३ पासून राज्यात सगळ्या बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालं. त्याआधी ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी पार केलेल्यांना प्रवास मोफत झाला. नवऱ्याकडे किंवा मुलाकडे पैसे न मागता तुळजापूरला, माहेरी, मैत्रिणीकडे जाता येणं ही लाखो घरांत छोटी गोष्ट नव्हती. धोरण एवढंही करू शकतं. पण तिकीट अर्धं झालं तरी घरातलं काम अर्धं झालं नाही. बस सकाळी सातची असेल आणि स्वयंपाक करून ठेवल्याशिवाय निघायची सोय नसेल, तर ती बाई पहाटे चारला उठते. ही सवलत राज्याने दिली, दुसरी घराने द्यायची आहे.

म्हणून यादी एकट्याने गुपचूप डायरीत लिहिण्यापेक्षा घरात सगळ्यांसमोर लिहावी. प्रत्येकाची वेगळी, आजोबांपासून शाळकरी पोरापर्यंत, आणि सुरुवात घरातल्या सर्वांत गुंतलेल्या माणसापासून. बहुतेक घरांत तिला पहिल्यांदा काही सुचणारच नाही. ‘तुमचं झालं की माझं झालं’ असं ती म्हणेल. ते उत्तर मान्य करू नये. आठवडा जाऊ द्यावा, पुन्हा विचारावं. आता उशीर झाला असं ती म्हणाली, तर मीना प्रभूंचं उदाहरण द्यावं. व्यवसायाने डॉक्टर, लंडनमध्ये संसार. त्यांचं ‘माझं लंडन’ १९९३ मध्ये आलं तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. त्यानंतर तुर्कस्तान, ग्रीस, मेक्सिको, चीन अशी पुस्तकांमागून पुस्तकं आली आणि मराठी प्रवासवर्णनाला नवा वाचक मिळाला. पन्नाशीनंतर काय सुरू करायचं, असं म्हणणाऱ्यांनी ती पुस्तकं एकदा ओळीने मांडून पाहावीत.

प्रत्येक इच्छेसमोर खर्चाचा रकाना लोक आपोआप आखतात. त्याच्या शेजारी आणखी एक रकाना हवा: किती तास, कोणत्या वारी, आणि त्या वेळात तिचं किंवा त्याचं काम कोण करणार. पोहायला शिकायचं असेल आणि तलावावर बायकांची वेळ सकाळी सात ते आठ असेल, तर त्या तासात डबे नवरा भरणार की मोठा मुलगा, हे नाव घालूनच तलावाचा अर्ज आणावा.