विश्लेषण : ‘समुपदेशक’ पाटीमागे नोंदणी कोणाची?

मुलगा शाळेत जायला तयार नाही, म्हणून पालक समुपदेशकाची वेळ घेतात. भिंतीवर दोन-तीन प्रमाणपत्रे असतात. पण नोंदणी क्रमांक? तो विचारायचा असतो, हेच अनेकांना ठाऊक नसते.

‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ म्हणून काम करायचे तर भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी लागते. नुसते मानसशास्त्रातील एम.ए. पुरत नाही; देखरेखीखाली रुग्णांसोबत घेतलेले प्रशिक्षणही हवे. शिवाय, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाने अशांची नोंद करून यादी प्रसिद्ध करावी, असे २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो.

मग अडते कुठे? परिषदेच्या १९९२च्या कायद्यात विनानोंदणी व्यवसायाला १ वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. हजार रुपये! शहरात समुपदेशनाच्या एका तासालाही अनेकदा याहून जास्त मोजावे लागतात. त्यातही ‘समुपदेशक’, ‘थेरपिस्ट’ अशी मोघम बिरुदे लावणारे बहुतांशी या चौकटीबाहेरच राहतात.

संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांसाठीच्या २०२१च्या कायद्याने इतर मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशकांनाही कक्षेत घेतले. त्यांची नोंदवही राज्य परिषदांनी ठेवायची आहे. ती मोबाइलवर नाव टाकताच दिसायला हवी. कार्यालयाच्या कपाटातली नोंदवही पालकांच्या काय कामाची?

तोवर पहिल्याच भेटीत नोंदणी क्रमांक विचारावा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टचा असेल तर तो पुनर्वसन परिषदेच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. आणि मानसशास्त्रज्ञ गोळ्या लिहून देऊ लागला, तर उठावे. ते काम मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचे.