अंगाऱ्याची गोष्ट हसवूनच सांगणार

गेल्या भीमजयंतीला आमच्या वस्तीच्या मंचावर मी वीस मिनिटं बोललो. विषय होता, एका बाबाच्या सत्संगात मी घालवलेली तीन वर्षं. लोक पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी समितीतल्या एका ज्येष्ठांनी सुनावलं, "बाबासाहेबांच्या मंचावर चेष्टामस्करी शोभत नाही. आणि आपलीच माणसं बुवांच्या नादी लागतात, हे जगाला कशाला सांगायचं?"

लागतातच की! २ जुलै २०२४ ला हाथरसच्या सत्संगात चेंगराचेंगरीत १२१ जीव गेले. बहुतेक बाया, आणि त्यात दलित वस्त्यांमधल्या कितीतरी. तो बाबाही जाटव कुटुंबातलाच. आमच्या घरी भिंतीवर बावीस प्रतिज्ञांची तसबीर होती, आणि तिच्याच खाली बाबाचा फोटो. ताजा हार मात्र खालच्याला. हे झाकायचं कुणापासून?

राहिला चेष्टेचा प्रश्न. जोतीरावांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' लिहिलं. त्यात जोशी गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून लुबाडतो, आणि विदूषक मध्ये मध्ये येऊन त्याचं पितळ उघडं पाडतो. सत्यशोधक जलशांनी भटशाहीची खिल्ली उडवली. भीमराव कर्डकांचे आंबेडकरी जलसे त्याच वाटेने गेले. विनोद आपल्या चळवळीत मागच्या दाराने घुसलेला नाही.

बाबा मंडळींना तर हशा मुळीच सोसत नाही. जानेवारी २०१६ मध्ये टीव्हीवर राम रहीमची नक्कल केली म्हणून कीकू शारदा या विनोदी नटाला हरियाणा पोलिसांनी अटक केली, धार्मिक भावना दुखावल्याच्या कलमाखाली. पुढच्याच वर्षी ऑगस्टमध्ये तो राम रहीम बलात्काराच्या गुन्ह्यात दोषी ठरला.

मी मंचावर काय सांगितलं? बारावीच्या परीक्षेत पेनाच्या टोपणात अंगारा भरून नेला. टोपण गळलं, उत्तरपत्रिका राखाडी झाली. दोन विषय राहिले. सत्संगातले काका म्हणाले, "बघ, बाबांची कृपा! नाहीतर सहाही गेले असते." आणि मी घरी येऊन नारळ फोडला. पास झालो तर कृपा, नापास झालो तरी कृपा. हा सापळा मी भाषणातून दहादा समजावला असेल, पोरं मोबाइल बघत बसायची. नारळ फोडला म्हटल्यावर मात्र मागच्या रांगेतला एक जण ओरडला, "आमच्या घरी पण असंच!" माझ्या लेखी प्रबोधन तिथे सुरू झालं.

पण एक भांडण आपल्या तरुण पोरांशीही आहे. वस्तीतल्या बायांना 'अंधभक्त' म्हणून मीम टाकणारे तुम्ही, तुमच्या विनोदात बाबा कुठे असतो? त्याला धक्काही लागत नाही, मार खाते ती धुणीभांडी करून थकलेली बाई. माझी आई सत्संगाला का जायची? बाप दारू पिऊन मारायचा. तिथे तिला कुणीतरी 'ताई, बसा' म्हणायचं, सतरंजीवर सगळ्यांच्या बरोबरीने बसवायचं, तिचं रडणं ऐकून घ्यायचं. आपल्या विहारात तेव्हा काय चालू होतं? पावतीपुस्तकावरून दोन गटांची मारामारी. हेही मी मंचावर सांगितलं. ज्येष्ठांना खरं तर तेच झोंबलं असावं, असा माझा संशय आहे.

म्हणून माझ्या गोष्टीत आधी मीच उल्लू बनतो, मग बाबा, मग आपली समिती. आई येते, पण तिच्यावर हशा नाही. ती त्या दिवशी तिसऱ्या रांगेत बसली होती. अंगाऱ्याच्या प्रसंगाला पदर तोंडाशी धरून हसत होती. घरी आल्यावर म्हणाली, "टोपण मीच घट्ट लावलं नव्हतं रे."

यंदाच्या जयंतीलाही मी वीस मिनिटं मागितली आहेत. समिती दहा देते म्हणते. भांडण चालू आहे.