नाव ओळखीचे, फाईल कुणाची?

भीमजयंती जवळ आली की सांगोल्यातल्या आमच्या तरुणांच्या मोबाईलवर गाणी, भाषणे, फोटो यांचा पूर येतो. आले की डाऊनलोड आणि लगेच पुढे रवाना! त्यात गाण्याच्या नावाखाली कुणी भलतीच फाईल घुसवली तर ओळखणार कोण? लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके फाईल पाठवून बँक खाती साफ केल्याचे प्रकार देशभर घडले आहेत. पत्रिका म्हणजे चित्र किंवा पीडीएफ. एपीके म्हणजे मोबाईलमध्ये बसणारा प्रोग्रॅम. तो बसला की ओटीपीही चोर वाचतो.

पैसा गेला तर पुन्हा कमावता येईल. पण याच युक्तीने माणसाला तुरुंगात धाडता येते काय, हा प्रश्न चळवळीपुढे आहे. भीमा-कोरेगाव प्रकरणात ६ जून २०१८ रोजी अटक झालेले रोना विल्सन यांच्या संगणकाची प्रत अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने बचाव पक्षासाठी तपासली. फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आलेला अहवाल सांगतो, की १३ जून २०१६ रोजी वरवरा राव यांच्या खात्यातून कुणीतरी ईमेल पाठवून एक दस्तऐवज उघडायला लावला. पडद्यावर कागद दिसला आणि मागच्या दाराने 'नेटवायर' हा हेरगिरीचा प्रोग्रॅम आत शिरला. पुढे २२ महिने परका हात त्या संगणकात वावरला आणि आरोपाचा आधार ठरलेली किमान १० पत्रे त्यानेच तिथे दडवली, असे अहवाल म्हणतो. एनआयएला हे मान्य नाही. मान्य नसेल तर तटस्थ तपासणीला भ्यायचे कारण काय? विल्सन आणि 'विद्रोही'चे संपादक सुधीर ढवळे यांना उच्च न्यायालयाने ८ जानेवारी २०२५ रोजी जामीन दिला, तोही प्रदीर्घ कारावासामुळे. संगणकात कोण शिरले, याचा निवाडा त्यात झाला नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या प्रमाणपत्रात 'हॅश' नोंदवावा लागतो. हॅश म्हणजे फाईलचा अंगठाच म्हणा. पण तो घेतल्यानंतर फाईल बदलली नाही, एवढेच त्यावरून कळते. जप्तीआधी ती कोणी ठेवली, हे हॅश सांगत नाही. म्हणून केवळ संगणकातील फाईलवर कुणाचा जामीन नाकारण्याआधी त्या संगणकात घुसखोरी झाली होती काय, याची स्वतंत्र तपासणी सक्तीची करा, अशी आमची मागणी आहे.

तोवर कार्यकर्त्यांनी एवढे करावे. फाईल आली की पाठवणाऱ्याला फोन लावून विचारावे, "भाऊ, ही तूच पाठवलीस ना?" विल्सन यांना आलेल्या ईमेलवर नाव आणि पत्ता दोन्ही बरोबरच होते.