मोबाइलवरचा स्कॅन आणि स्कॅनचा फोटो

रात्री दोनच्या सुमारास मोटारसायकलवरून पडलेल्या तरुणाला उपजिल्हा रुग्णालयात आणले जाते. डोक्याचा सीटी स्कॅन होतो, पण तो वाचणारा रेडिओलॉजिस्ट जिल्ह्याच्या गावी. ड्युटीवरचा डॉक्टर फिल्म व्ह्यू बॉक्सवर लावतो, मोबाइलने फोटो काढतो आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतो. थोड्या वेळात उत्तर येते. हे आता रोजचे झाले आहे, आणि त्यामुळे जीव वाचतात हेही खरे.

मात्र मोबाइलवर स्कॅन पाहणे आणि स्कॅनचा फोटो पाहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सीटीच्या मूळ फाइलला 'डायकॉम' म्हणतात. तिच्यातल्या प्रत्येक बिंदूला घनतेचा आकडा असतो: पाण्याचा ०, हवेचा उणे १०००, ताज्या रक्ताचा साधारण ५० ते ७०. हे सगळे आकडे एकाच वेळी करड्या छटांत दाखवता येत नाहीत. म्हणून रेडिओलॉजिस्ट 'विंडो' बदलत जातो. मेंदूसाठी एक, हाडासाठी दुसरी. कवटीला चिकटून झालेला रक्तस्रावाचा पातळ थर मेंदूच्या नेहमीच्या विंडोत हाडाच्या पांढऱ्या रंगात मिसळून जातो. विंडो रुंद केली की वेगळा दिसू लागतो. फिल्मवर तंत्रज्ञाने निवडलेली विंडो छापलेली असते. तिच्या फोटोत, तोही व्हॉट्सअ‍ॅपने आकाराने कमी केलेल्या, ती बदलण्याची सोयच उरत नाही. डोळा कितीही तयार असो, जे चित्रात नाही ते दिसणार कसे?

मूळ फाइल मोबाइलवर उघडणारी अ‍ॅप नवी नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०११मध्येच 'मोबाइल मिम' या अ‍ॅपला सीटी, एमआरआय आणि पेट स्कॅन पाहून निदान करण्याची परवानगी दिली. अट एकच: मोठ्या पडद्याचे वर्कस्टेशन हाताशी नसेल तेव्हाच वापरायचे. त्यानंतर मोबाइलचे पडदे खूप सुधारले, तरी ही अट आजही शहाणपणाची वाटते. उन्हात, प्रवासात, कमी केलेल्या ब्राइटनेसवर फुफ्फुसाभोवती साचलेल्या हवेची बारीक रेघ किंवा हाडाची केसाएवढी चीर सहज निसटते.

आपल्याकडे मार्च २०२०च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनी व्हॉट्सअ‍ॅपसारख्या माध्यमांतून सल्ला देण्यास मोकळीक दिली, पण अहवाल आणि प्रतिमा जपून ठेवण्याची जबाबदारीही डॉक्टरवर टाकली. प्रत्यक्षात मध्यरात्रीचे 'ब्लीड नाही, सकाळी बघू' हे उत्तर चॅटमध्येच राहते. केसपेपरवर येत नाही. फोटोच्या कोपऱ्यात रुग्णाचे नाव आणि वय तसेच असते, आणि तो आणखी दोन ग्रुपवर फिरतो.

नातेवाइकांनी स्कॅन केंद्रातून फिल्मबरोबर सीडी किंवा फाइलची लिंक मागून घ्यावी. दुसऱ्या डॉक्टरांना पाठवायची ती हीच. आणि रात्री मोबाइलवर मिळालेल्या मतानंतर सकाळी वर्कस्टेशनवर पाहून दिलेला लेखी अहवाल आला का, हे घरी सोडण्यापूर्वी जरूर विचारावे.