क्षला भिऊ नका

सातवी-आठवीच्या मुलाच्या वहीत ‘क्ष’ आला की घरातली मोठी माणसे बाजूला होतात. “हे आम्हाला शिकवलंच नाही,” म्हणतात. दहावीला गणिताच्या दोन पेपरांपैकी एक, ४० गुणांचा, बीजगणिताचाच असतो. बाजूला होऊन कसे चालेल? आणि खरे सांगायचे तर बाजारहाट करणाऱ्या प्रत्येक आईला हे गणित येते, फक्त त्याचे नाव ठाऊक नसते.

तीन सारख्या वह्या आणि १० रुपयांचा पेन घेतला. बिल झाले १०० रुपये. एक वही कितीला पडली? आई तोंडीच सांगेल : पेनाचे दहा काढा, राहिले नव्वद, तीन वह्यांत वाटा, तीस. वहीची किंमत ठाऊक नाही म्हणून तिला क्ष म्हणायचे, एवढेच काय ते नवीन.

३क्ष + १० = १००
३क्ष = ९०
क्ष = ३०

मधले बरोबरचे चिन्ह म्हणजे तराजूचा काटा. एका पारड्यातून दहा काढले तर दुसऱ्यातूनही दहाच काढायचे. एकाचे तीन भाग केले तर दुसऱ्याचेही तीनच.

मुलांना मात्र बहुतेक वेळा एकच मंत्र मिळतो : बाजू बदलली की चिन्ह बदलते. आमचा राग आहे तो या मंत्रावर. तो खोटा नाही, अर्धवट आहे. मुलगा ३क्ष = ९० पर्यंत नीट येतो, मग तीन पलीकडे नेतो, चिन्ह बदलतो आणि क्ष = ९० − ३ = ८७ लिहून मोकळा होतो. अहो, तो तीन मिळवलेला नव्हता, गुणलेला होता. तेव्हा भागायला हवे. ८७ रुपयांच्या तीन वह्यांचेच २६१ रुपये होतात आणि बिल तर शंभराचे! म्हणून ताळा करायचा. आम्ही कारकून मंडळी ताळा जुळल्याशिवाय वही मिटत नाही. अक्षरओळख नसलेली आजीसुद्धा नातवाला विचारू शकते, “ताळा केलास का रे?”

बीजगणिताला इंग्रजीत ‘अल्जिब्रा’ म्हणतात. तो शब्द नवव्या शतकात बगदादला अल-ख्वारिझ्मी यांनी लिहिलेल्या अरबी ग्रंथाच्या नावातला. ‘अल-जब्र’ म्हणजे मोडलेले सांधणे. क्ष − ५ = १२ असेल तर क्षमधून तुटलेले पाच दोन्हीकडे भरून द्या, क्ष = १७. येथेही मंत्र नाही, तराजूच आहे.

आता क्ष दोन्ही बाजूंना असलेले एक गणित मुलांसाठी. एका बहिणीजवळ २०० रुपये आहेत, ती दर आठवड्याला ५० टाकते. दुसरीजवळ ५०० आहेत, ती २० टाकते. किती आठवड्यांनी दोघींची शिल्लक सारखी होईल?

२०० + ५०क्ष = ५०० + २०क्ष

आधी दोन्ही बाजूंतून २०क्ष काढा, मग २०० काढा. उत्तर आम्ही छापत नाही. ताळ्यात दोघींचे ७०० भरले पाहिजेत.