घुशीला विष नको

आमच्या शाळेच्या परसबागेत चौथीच्या वर्गाला दोन वाफे दिले आहेत. एकात रताळी आणि एकात मुळे. दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळेत आलो तर निम्मी रताळी कुरतडलेली! कुंपणाजवळ ताज्या मातीचे ढीग दिसले. गुरुजी म्हणाले, "ही घुशीची बिळे आहेत."

मग वर्गात चर्चा झाली. पुष्कळ मुले म्हणाली, विष घालू. मी एकटी म्हणाले, नको. का नको ते सांगते.

गेल्या वर्षी आमच्या घरी उंदरांसाठी विषाच्या गोळ्या ठेवल्या होत्या. दोन उंदीर मेले. पण आमची मनी मांजरही मेली. तिने विष खाल्लेला उंदीर खाल्ला असणार. मी दोन दिवस जेवले नाही. त्यानंतर घरात उंदीर आणखी वाढले, कारण त्यांना धरणारी मनीच राहिली नाही. बागेत तर पहिलीची लहान मुले खेळतात. तिथे विष ठेवणे मला मुळीच पटत नाही.

आम्ही आधी दोन उपाय केले, ते फसले. एका बिळात मिरचीची धुरी दिली. धूर दुसऱ्याच भोकातून निघाला. आम्ही सगळे खोकलो, घूस काही खोकली नाही. मग बिळात दहा बादल्या पाणी ओतले. घूस बाहेर आलीच नाही, हौद मात्र रिकामा झाला. बाई रागावल्या.

मग आजीने युक्ती सांगितली. "अगं, आधी बघ तरी, कुठलं बीळ नांदतं आणि कुठलं रिकामं हाय!" आम्ही संध्याकाळी सगळी ११ भोके मातीने बुजवली. सकाळी पाहिले तर ४ उकरलेली. म्हणजे घूस त्याच बिळांत होती. त्या भोकांत बाभळीचे काटे आणि दगड ठासले आणि वरून चिखल लिंपला. दोन भोके तिने पुन्हा उकरली, आम्ही पुन्हा बुजवली. घुशीचे पुढचे दात जन्मभर वाढतात, म्हणून ती सारखी कुरतडते. ती कंटाळत नाही, तर आपण का कंटाळावे? या कामाला एक पैसाही लागला नाही. मात्र बिळात हात कधीच घालू नये. त्यात सापही असतो.

नवीन रताळी आता आम्ही फुटक्या घमेल्यांत आणि पत्र्याच्या डब्यांत लावली आहेत. तळाला पाणी जाण्यापुरती भोके पाडली. पत्रा काही घूस कुरतडत नाही. कुंपणाजवळचे गवतही काढले, म्हणजे तिला लपायला जागा नाही. बागेत उंच काठीवर आडवी काठी बांधली आहे. रात्री तिथे घुबड बसावे म्हणून. गावात घुबडाला अशुभ म्हणतात आणि दगड मारतात. पण ते रात्रभर उंदीर धरते. मग ते अशुभ कसे?

आता खरी गोष्ट सांगते. मला सांगताना लाज वाटते. घूस आमच्या बागेत का आली? उरलेली खिचडी आम्हीच कुंपणापलीकडे टाकत होतो! म्हणजे रोज आम्हीच तिला जेवायला बोलावत होतो. आता खरकटे खड्ड्यात टाकून त्यावर माती ओढतो.

भित्तिपत्रक वाचायला आलेल्या पालकांनाही माझे एक सांगणे आहे. पुष्कळ बिळे शेताच्या बांधावर असतात. बांध कुणाचा यावर मोठी माणसे भांडतात, आणि बिळे कुणीच बुजवत नाही. घुशीला बांध कळत नाही. एकाने बिळे बुजवली तर ती दुसऱ्याच्या शेतात जाते आणि पुन्हा परत येते. म्हणून उन्हाळ्यात शेते मोकळी असताना सगळ्यांनी मिळून एकाच दिवशी बांध साफ करावेत आणि बिळे बुजवावीत. आम्ही मुलेसुद्धा काटे आणायला येऊ.

माझे मत असे आहे की, विष घालणे सोपे असते, पण ते कुणाच्या पोटात जाईल हे आपल्या हातात नसते. काटे, माती आणि स्वच्छता यांना कष्ट पडतात, पण त्याने कुणाची मनी मरत नाही.

तुम्हाला काय वाटते ते खालच्या कोऱ्या कागदावर जरूर लिहा.

— इयत्ता चौथीची एक विद्यार्थिनी