पुणे महापालिका: बजेट मांडणारे आणि मंजूर करणारे एकच!

बागेतला बाक असो की गल्लीतला दिवा, पैसे महापालिकेच्या बजेटमधूनच येतात. ते ठरवतं कोण?

नेहमीची पद्धत अशी: आयुक्त बजेट स्थायी समितीला सादर करतात, समिती त्यात बदल सुचवते आणि मुख्य सभा मंजुरी देते. पण पुण्यात मार्च २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली आणि निवडणूक झाली थेट जानेवारी २०२६ मध्ये. मधल्या काळात प्रशासक म्हणून आयुक्तांनीच बजेट मांडलं, त्यांनीच मंजूर केलं. २०२५-२६ चं बजेट होतं १२,६१८ कोटींचं. त्यावर सभागृहात चर्चा झाली नाही, कारण नगरसेवकच नव्हते.

२००६ पासून पुणेकर स्वतःही बजेटसाठी छोटी कामं सुचवू शकतात. पण सुचवलेलं काम झालं का, याचा जाब सभागृहात विचारायला नगरसेवकच लागतो.